साखर न खाणारं यीस्ट आणि एक हरवलेलं प्रथिन

लहान मुलाच्या मेंदूतली किंवा मूत्रपिंडातली गाठ काढली, की तिचा तुकडा पॅथॉलॉजी विभागात जातो. तिथे त्याचे पातळ काप काचपट्टीवर चढवतात आणि निरनिराळ्या प्रथिनांचा माग काढणाऱ्या रंगचाचण्या करतात. मूल अगदी लहान, दोन-तीन वर्षांच्या आतलं असेल, तर त्यातली एक चाचणी आवर्जून लावली जाते. तिचं नाव आयएनआय-१. शरीरातल्या जवळपास प्रत्येक निरोगी पेशीच्या केंद्रकात हे प्रथिन असतं, त्यामुळे केंद्रकावर तपकिरी रंग चढतो. पण काही वेळा सूक्ष्मदर्शकाखाली वेगळंच दिसतं. गाठीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या पेशी तपकिरी, आणि त्यांच्याभोवती पसरलेल्या गाठीच्या पेशी मात्र नुसत्या निळ्या. चाचणी बरोबर झाली आहे याची साक्ष रक्तवाहिन्या देतात. गाठीला रंग चढला नाही, कारण तिथे ते प्रथिनच नाही.

अहवालात मग ‘रॅब्डॉइड ट्यूमर’ असे शब्द येतात. हा लहान मुलांमधला अत्यंत आक्रमक कॅन्सर. तो मेंदूत असेल, तर नुसत्या नजरेने मेड्युलोब्लास्टोमासारख्या दुसऱ्या गाठीशी त्याची गल्लत होऊ शकते, आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. म्हणून मुंबईसह देशातल्या मोठ्या कॅन्सर केंद्रांत ही चाचणी आता नेहमीची झाली आहे.

या प्रथिनाच्या जनुकाचं अधिकृत नाव एसएमएआरसीबी-१ असं लांबलचक आहे. त्यातलं पहिलं अक्षर ‘एस’ हे ‘स्विच-स्निफ’ या दोन शब्दांच्या जोडीसाठी आहे. आणि ते दोन्ही शब्द आले आहेत यीस्टवरून. पावाचं पीठ फुगवणारं, दारू आंबवणारं तेच यीस्ट.

गोष्ट सुरू होते साखरेपासून. पावासाठी कोमट पाण्यात यीस्ट भिजवताना आपण चमचाभर साखर घालतो. ही साखर म्हणजे सुक्रोज. यीस्टला ती जशीच्या तशी फारशी उपयोगाची नसते. ते इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम तयार करून पेशीच्या बाहेरच्या अंगाला सोडतं, सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं आणि मग ते आत घेतं. पण समोर आयतं ग्लुकोज असेल, तर यीस्ट हा खटाटोप करत नाही. इन्व्हर्टेजचं जनुक तेव्हा जवळपास बंद असतं. ग्लुकोज संपत आलं, की ते उघडतं.

बंद असलेलं जनुक नेमकं कोण उघडतं, हा त्या काळातला मोठा प्रश्न होता. मॅरियन कार्लसन यांनी तो यीस्टलाच विचारला. पद्धत सोपी वाटते, पण चिकाटीची आहे. यीस्टच्या पेशींत यादृच्छिक बदल घडवायचे, म्हणजे कुठल्यातरी पेशीत कुठलंतरी जनुक बिघडेल. त्या पेशींच्या वसाहती एका बशीत वाढवायच्या. मग मखमली कापडाचा शिक्का त्या बशीवर दाबून तोच दुसऱ्या दोन बशांवर उमटवायचा: एकीत ग्लुकोज, दुसरीत सुक्रोज. ग्लुकोजच्या बशीत छान वाढलेली, पण सुक्रोजच्या बशीत त्याच जागी न उगवलेली वसाहत सापडली, की समजायचं, साखर वापरण्याच्या आदेशसाखळीतला कोणीतरी तिच्यात निकामी झाला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी जनुकं एकेक करून सापडत गेली. त्यांना नाव मिळालं ‘सुक्रोज नॉन-फर्मेंटिंग’, म्हणजे सुक्रोज न आंबवणारी, आद्याक्षरांवरून ‘स्निफ’. १९८४ पर्यंत स्निफ-१ ते स्निफ-६ अशी यादी झाली होती.

(यातल्या स्निफ-१ ची कथा वेगळ्याच दिशेला गेली. माणसातलं त्याचं भावंड म्हणजे एएमपीके हे प्रथिन, पेशीतली ऊर्जा कमी पडली की जागं होणारं. मधुमेहातली मेटफॉर्मिनची गोळी त्याला चेतवते, असं २००१ मध्ये दिसून आलं. गोळीचा सगळा परिणाम तेवढ्यानेच होतो असं मात्र नाही.)

त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोत, आयरा हर्स्कोवित्झ यांची प्रयोगशाळा यीस्टच्या लिंगबदलाच्या मागे होती. यीस्टमध्ये नर-मादी नसतात, पण ‘ए’ आणि ‘आल्फा’ असे दोन प्रकार असतात आणि मीलन विरुद्ध प्रकारांतच होतं. एकट्या पडलेल्या पेशीने मग काय करायचं? ती चक्क आपला प्रकार बदलते. दुसऱ्या प्रकाराची नक्कल त्याच गुणसूत्रावर एका कोपऱ्यात मुकी करून ठेवलेली असते. ‘एचओ’ नावाचं एन्झाइम चालू जागेवर डीएनए कापतं आणि तिथे ती दुसरी नक्कल भरली जाते. टेपरेकॉर्डरमधली कॅसेट बदलावी तसं. हर्स्कोवित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेला नावही ‘कॅसेट’ असंच दिलं होतं.

यात एक मजेदार नियम आहे. यीस्टच्या पेशीला अंकुर फुटतो, तो वाढून लेक पेशी होते आणि सुटी होते. प्रकार बदलण्याचा अधिकार फक्त आईला. नुकत्याच सुट्या झालेल्या लेकीत एचओ जनुक उघडतच नाही. तिला स्वतःला एकदा लेक झाली, की मगच. म्हणजे एकच जनुक, दोघींकडे तंतोतंत सारखं, पण एकीत उघडतं आणि दुसरीत बंद राहतं. एका फलित अंड्यापासून कुठे डोळा तर कुठे यकृत कसं घडतं, हा जीवशास्त्राचा जुना प्रश्न इथे त्याच्या सर्वांत लहान रूपात बशीत मांडलेला होता. १९८४ मध्ये हर्स्कोवित्झ यांच्या गटाने एचओ उघडायला लागणारी पाच जनुकं जाहीर केली. ‘स्विच’ शब्दावरून त्यांना ‘स्वी’ म्हणू लागले.

साखर खाणं आणि लिंग बदलणं. दोन प्रयोगशाळा, दोन याद्या, एकमेकांशी काही संबंध असण्याचं कारण नाही. पण जनुकांची अक्षरं वाचून झाली तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या तोंडावर, लक्षात आलं की स्वी-२ आणि स्निफ-२ हे एकच जनुक आहे. दोघांनी एकाच माणसाला दोन नावांनी हाक मारली होती. पाठोपाठ हेही दिसलं, की या याद्यांमधल्या काही प्रथिनांपैकी एक काढलं तरी बाकीची हतबल होतात. ती सुटी सुटी काम करतच नव्हती. ती मिळून एक यंत्र होती, म्हणजे जीवशास्त्राच्या भाषेत एक प्रथिनसंकुल.

पण हे यंत्र करतं काय? ते डीएनएवरचा विशिष्ट मजकूर ओळखून तिथे बसत नव्हतं. मग जनुक उघडतं तरी कसं?

उत्तर सापडलं ते बिघडलेल्या यीस्टमध्ये आणखी एक बिघाड करून. स्वी जनुक मोडलेल्या यीस्टमध्ये हर्स्कोवित्झ यांच्या गटाने पुन्हा यादृच्छिक बदल घडवले आणि पाहिलं, की आता कोणाकोणाचं एचओ पुन्हा उघडतं. वापरायला किल्लीच नाही, तरी दार उघडलं, याचा अर्थ कुलूपच सैल झालेलं असणार. असं सैल झालेलं एक जनुक निघालं हिस्टोनचं. इकडे हार्वर्डमध्ये फ्रेड विन्स्टन यांच्या प्रयोगशाळेने स्निफ मोडलेल्या यीस्टमध्ये हिस्टोनच्या जनुकांची एक जोडी उडवून पाहिली आणि बंद पडलेलं इन्व्हर्टेज पुन्हा बनू लागलं. तो निबंध १९९२ चा.

हिस्टोन म्हणजे डीएनए गुंडाळायचं रीळ. यीस्टच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण चार मिलिमीटर भरेल; ज्या केंद्रकात तो मावतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाच्या आसपास. इतकं कोंबायचं तर गुंडाळणं आलंच. आठ हिस्टोन प्रथिनांच्या एका रिळाभोवती डीएनएची १४७ अक्षरं पावणेदोनपेक्षा किंचित कमी वेढ्यांत गुंडाळलेली असतात. याला न्यूक्लिओसोम म्हणतात. यीस्टच्या एका पेशीत असे सत्तर हजारांच्या घरात न्यूक्लिओसोम असतात. रॉजर कॉर्नबर्ग यांनी ही रचना १९७४ मध्ये सुचवली, तेव्हा बराच काळ तिच्याकडे केवळ सामान बांधून ठेवण्याची सोय म्हणून पाहिलं गेलं. पण जनुकाच्या सुरुवातीचा भागच रिळावर गुंडाळलेला असेल, तर त्याचं प्रतिलेखन करणारं, म्हणजे त्याची आरएनएमध्ये नक्कल उतरवणारं यंत्र तिथे बसणार कसं? गुंडाळणं हेच कुलूप होतं.

१९९४ मध्ये दोन गटांनी यीस्टमधून हे संकुल शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्यातला एक गट कॉर्नबर्ग यांचाच होता. सुमारे डझनभर प्रथिनांचं हे धूड. एका पेशीत ते जेमतेम काहीशे असतात. म्हणजे सत्तर हजार रिळांमागे काहीशे कामगार. ते बोलावल्याशिवाय कुठे जात नाहीत हे उघड आहे. मधोमध स्वी-२ हे इंजिन. ते पेशीचं इंधन असलेलं एटीपी जाळतं, डीएनए पकडतं आणि रिळावरून थोडा थोडा, एखाद्दुसरं अक्षर सरकवत ओढतं. कधी रीळ बाजूला सरकतं, कधी पार निखळून पडतं. झाकलेला भाग उघडा पडतो.

अलीकडे, २०२० च्या आसपास, अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने यीस्टच्या आणि माणसाच्याही संकुलाची चित्रं मिळाली. गरम पातेलं आपण सांडशीने दोन बाजूंनी धरतो तसंच हे संकुल न्यूक्लिओसोम धरतं. एका बाजूने इंजिन, दुसऱ्या बाजूने स्निफ-५ हे प्रथिन. हे नाव लक्षात ठेवायला हवं.

कामगारांना बोलावतं कोण, हे एचओ जनुकावरच सर्वांत नीट समजलं. किम नॅस्मिथ यांच्या व्हिएन्नातल्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये तिथल्या हालचालींचा क्रमच लावून दाखवला. आधी स्वी-५ नावाचं प्रथिन येतं. डीएनएवरची खूण ओळखणारं हे प्रथिन मुकादमासारखं. ते स्विच-स्निफ संकुलाला बोलावतं आणि थोड्याच वेळात स्वतः नाहीसं होतं. स्विच-स्निफ तिथेच थांबून रिळं हलवतं. मग सागा नावाचं दुसरं संकुल येतं आणि हिस्टोनच्या शेपट्यांवर रासायनिक खुणा करतं. त्यानंतर आणखी एक प्रथिन-जोडी, मग मेडिएटर हे वीसहून अधिक प्रथिनांचं संकुल, आणि सरतेशेवटी नक्कल उतरवणारं आरएनए पॉलिमरेज. यातला एक जरी आला नाही तरी पुढचे ताटकळतात. आणि लेकीत काय होतं? आई लेकीसोबत एक निरोप पाठवते. अ‍ॅश-१ या प्रथिनाचा आरएनए पेशीतल्या तंतूंवरून अक्षरशः वाहून अंकुरात नेला जातो, तिथे ते प्रथिन बनतं आणि ही सगळी वरात दाराशीच थांबवतं.

इथपर्यंत गोष्ट यीस्टची. पण असं यंत्र एकट्या यीस्टमध्येच असेल, हे संभवत नव्हतं. फळमाशीत त्याच सुमारास इंजिनाचं भावंड सापडलं. तिथे पेशीचं भवितव्य ठरवणाऱ्या जनुकांना संशोधकांनी देशोदेशींच्या नियतीची नावं देऊन टाकली आहेत: ग्रीकांची मोइरा, उर्दूवाल्यांच्या ओळखीचं किस्मत, आणि स्वी-२ च्या या भावंडाला नाव मिळालं ब्रह्मा. आपल्याकडे ललाटी लिहिणारी सटवाई बहुधा त्यांना माहीत नसावी.

माणसातलं स्निफ-५ सापडलं ते मात्र भलत्याच शोधात. गंजम कल्पना या संशोधक न्यूयॉर्कमध्ये स्टीफन गॉफ यांच्यासोबत एड्सच्या विषाणूवर काम करत होत्या. विषाणू आपला मजकूर माणसाच्या डीएनएत घुसवताना इंटिग्रेज हे एन्झाइम वापरतो. त्या एन्झाइमला पेशीतलं कोणतं प्रथिन चिकटतं, हे त्या पाहत होत्या. जे प्रथिन हाती लागलं ते यीस्टच्या स्निफ-५ शी ठळक साम्य असणारं होतं. १९९४ च्या त्या निबंधात त्याला नाव दिलं गेलं ‘इंटिग्रेज इंटरॅक्टर-१’. आयएनआय-१ ते हेच.

चार वर्षांनी, १९९८ मध्ये, पॅरिसच्या क्यूरी इन्स्टिट्यूटमधून बातमी आली. रॅब्डॉइड ट्यूमरमध्ये बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गहाळ असतो, हे तोवर माहीत होतं. ऑलिव्हिए देलात्र यांच्या गटाने त्या तुकड्यात नेमकं काय हरवतं ते शोधलं, आणि ते निघालं आयएनआय-१. आई आणि वडील दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी. पेशीला बेलगाम वाढवणारं कोणतंही नवं जनुक तिथे जन्मलं नव्हतं. जनुकं कधी उघडायची नि कधी नाही, हे सांभाळणाऱ्या यंत्राचा एक भाग तेवढा गळून पडला होता.

एवढ्याने कॅन्सर होतो, यावर विश्वास बसायला वेळ लागला. पण उंदरांवरच्या प्रयोगाने शंका ठेवली नाही. हेच जनुक प्रौढ उंदरांत बंद केलं तेव्हा सगळ्याच उंदरांना कॅन्सर झाला, निम्म्यांना तर ११ आठवड्यांच्या आत. इतक्या वेगाने गाठी करणारं एकट्या जनुकाचं नुकसान क्वचितच पाहायला मिळतं. पुढे २०१२ मध्ये रॅब्डॉइड गाठींचा डीएनए सलग वाचला गेला. बहुतेक कॅन्सरमध्ये डीएनएची पार दुर्दशा झालेली असते. इथे या एका जनुकापलीकडे जवळपास काहीच बिघडलेलं नव्हतं. पुस्तक धड आहे, पण कुठलं पान केव्हा उघडायचं हे सांगणारा गेला. अजून घडत असलेल्या पेशीला आपण कोण व्हायचं तेच कळेनासं होतं, आणि ती फक्त वाढत राहते. हा आजार इतक्या कोवळ्या वयात का येतो, त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

त्यानंतर याच संकुलाचे इतर भाग इतर गाठींत सापडत गेले. बीजाशयाच्या ‘क्लिअर सेल’ प्रकारच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या रुग्णांत त्याचा एआरआयडी-१ए हा भाग बिघडलेला असतो, हे २०१० मध्ये कळलं. २०१३ मध्ये सिगल कॅडॉक आणि जेराल्ड क्रॅब्ट्री यांनी हिशेब मांडला, तेव्हा माणसाच्या सर्व कॅन्सरपैकी सुमारे २० टक्क्यांत या संकुलाचा कोणता ना कोणता भाग बदललेला दिसला. गर्भावस्थेपासूनच एखादा भाग अर्धवट असेल, तर कॉफिन-सिरिस सिंड्रोमसारखे वाढीचे विकार होतात, हेही २०१२ मध्ये उलगडलं.

मग औषध? हरवलेलं प्रथिन गोळीने परत देता येत नाही. ही अडचण मोठी आहे, कारण बहुतेक कॅन्सरविरोधी औषधं काहीतरी बंद करण्यासाठी असतात. पण फळमाशीच्या संशोधनातून एक वाट दिसली. स्विच-स्निफ जनुकं उघडतं, तर पॉलिकोम्ब नावाची दुसरी टोळी ती बंद ठेवते. दोघांची कायमची रस्सीखेच. एका बाजूचे हात सुटले, की दोर दुसरीकडे जातो. तेव्हा पॉलिकोम्बमधलं ईझेडएच-२ हे एन्झाइम रोखून तोल सावरता येईल का? यीस्टला हे शिकवता आलं नसतं, कारण पावाच्या यीस्टकडे ही पॉलिकोम्ब टोळी नाहीच.

या कल्पनेवर बेतलेल्या टॅझेमेटोस्टॅट या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये मान्यता दिली, ती १६ वर्षांवरील रुग्णांतल्या एपिथेलिऑइड सार्कोमा या दुर्मीळ कॅन्सरसाठी. त्यातही बहुसंख्य गाठींत आयएनआय-१ नसतं. मान्यतेचा आधार असलेल्या चाचणीत ६२ रुग्ण होते आणि गाठ लक्षणीय आकसली ती १५ टक्क्यांची. आकडा लहान आहे. त्याला क्रांती म्हणणं रुग्णांची फसवणूक ठरेल. शिवाय मुलांवरच्या एका चाचणीत २०१८ मध्ये एका रुग्णाला या औषधावर असताना दुसराच रक्तपेशींचा कॅन्सर झाला आणि नव्या रुग्णांची नोंदणी काही काळ थांबवावी लागली. दोर जास्त ओढला तर दुसऱ्या बाजूलाही पडायला होतं. रॅब्डॉइडच्या बाळांसाठी शस्त्रक्रिया, तीव्र केमोथेरपी आणि वय पाहून रेडिएशन, हेच आजही मुख्य उपचार आहेत.

कार्लसन यांच्या साखरेच्या बशीतून आणखी एक धागा निघाला, तोही सांगायला हवा. स्निफ-१ मोडलेल्या यीस्टला पुन्हा सुक्रोज वापरू देणारे बदल त्यांनी शोधले, तेव्हा सापडलेल्या जनुकांपैकी काही मेडिएटर संकुलाची निघाली. त्यातल्या एकाचं माणसातलं रूप म्हणजे मेड-१२. हेलसिंकीच्या संशोधकांनी २०११ मध्ये गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी तपासल्या, तर सुमारे ७० टक्के गाठींत मेड-१२ बदललेलं होतं, आणि तेही जनुकाच्या एका चिमुकल्या भागातच. फायब्रॉइड कॅन्सर नव्हे. पण पाळीतला अतिरक्तस्राव, त्यातून येणारा अ‍ॅनिमिया आणि शेवटी गर्भाशय काढण्याचा सल्ला, हे किती घरांत होऊन गेलं आहे ते सांगायला नको. रॅब्डॉइडपेक्षा कितीतरी जास्त लोकांशी संबंध असलेला हा शोध आहे, तरी त्याची चर्चा कमी होते.

आयएनआय-१ चा अहवाल निळा आला, की आता डॉक्टर आणखी एक गोष्ट सुचवतात: बाळाच्या रक्ताची जनुकीय तपासणी. अशा मुलांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांत जनुकाची एक प्रत जन्मापासूनच, शरीरातल्या सगळ्याच पेशींत बिघडलेली असते. तसं असेल तर मेंदू आणि मूत्रपिंड दोन्हींवर लक्ष ठेवावं लागतं, कारण दुसरी गाठ दुसरीकडे उद्भवू शकते. बहुतेक वेळा हा बदल बाळातच नव्याने घडलेला असतो, आईवडिलांच्या रक्तात तो सापडत नाही आणि त्यात त्यांचा काहीही दोष नसतो. तरीही क्वचित तो आईच्या बीजांडांत किंवा वडिलांच्या शुक्रपेशींत थोड्या प्रमाणात लपून राहू शकतो. म्हणून भावंडांसाठी आणि पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्लागाराशी बोलून घ्यायला सांगितलं जातं, आईवडिलांचा रक्ताचा अहवाल स्वच्छ आला असला तरीही.